दुसरी सुई

"आबा, तुमले सुईनं भेव लागस का?"

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या मैत्रिणींचा, सरलाचा आणि मीनाचा. तोंड तेवढं माझं. पैज अशी लागली होती की अखाजीच्या दिवशी झोक्यावर बसून धुडकू आबांना हे विचारायचं, तेही गाण्यात नाही, सरळ. विचारलं तर सरला तिच्या नव्या हिरव्या रिबिनी मला देणार. नाही विचारलं तर पुढचं सगळं वर्ष शाळेच्या वाटेवर त्या दोघींची दप्तरं मी वाहायची. नववीत गेल्यापासून मला फार आवाज फुटलाय असं सगळेच म्हणत होते. मीना म्हणाली, "आवाज शे ना? मंग दखाड."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पोरींचं राज्य असतं. माहेरी आलेल्या लेकी, आम्ही शाळेतल्या, सगळ्या झोक्यावर. झोक्यावरून आम्ही गाण्यात कुणाचंही नाव घ्यावं, कुणाच्या मिशा काढाव्यात, कुणाचा कंजूषपणा. त्या दिवशी रागवायचं नाही असा रिवाज आहे. पुरुषमाणसं पत्ते कुटत बसतात आणि आपलं नाव येतं का म्हणून कान इकडे ठेवतात. नाही आलं तर त्यांनाच वाईट वाटतं.

तर आबा पत्त्यांच्या डावावरून उठून, धोतराचा सोगा हातात धरून निंबाखालून निघाले होते. मी झोका जोरात घेतला आणि विचारलं.

बायका खळखळून हसल्या. आबाही हसले. सदऱ्याची बाही वर करून त्यांनी दंडावरचा देवीचा वण दाखवला, रुपयाएवढा. "ये भवाने! तुन्हा बाप नागडा फिरी ऱ्हायंता तव्हय मी हाई सुई लिन्ही. मन्ही उठनी बी व्हती!"

पैज मी जिंकले होते. सरला तोंड वाकडं करून वेणीची रिबीन सोडायला लागली होती. तिथेच उतरले असते तर अखाजी गोडीत झाली असती.

पण "उठनी" हा शब्द त्यांनी उच्चारला, आणि माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. मी आणखी एक झोका घेतला, आणि जे कुणी पैजेत घातलं नव्हतं, जे मी रात्रंदिवस मनात घोळवलं होतं, ते गाऊन टाकलं. सूर अखाजीचाच, शब्द माझे:

"आबा, जीप कोनी फिराई दिन्ही?
मन्ही छबीले माटी कोनी दिन्ही?"

झोका आपोआप मंदावत गेला. कुणी हसलं नाही. माझी माय अखाजीला मांडलेल्या गौराईपाशी बसली होती, ती उठून पदर तोंडाला लावून घरात गेली. आबांची बाही अजून वरच होती. त्यांनी ती हळूच खाली ओढली आणि चालते झाले.

छबी माझी बहीण. दीड वर्षाची होती. गेल्याच्या आदल्या थंडीत दवाखान्याची जीप गावात पहिल्यांदा लहान पोरांना सुई टोचायला आली. तीन रोगांची मिळून एक सुई: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. नर्सबाई होत्या गजराबाई. चावडीपुढे पोरांच्या रडण्याचा नुसता गजर झाला. रात्री पोरांना ताप चढला, टोचलेली जागा सुजली, आणि अख्खं गाव खूश झालं.

खूश का, तर धुडकू आबांनी सांगितलं म्हणून. आबा म्हणजे माझ्या बाचे चुलतभाऊ, वयानं बापासारखे, गावची पाटीलकी त्यांच्या घरात. जवानीत ते देवी काढणाऱ्या माणसाबरोबर गावोगाव हिंडले होते. तो माणूस पोरांच्या दंडावर लस टोचायचा आणि आठव्या दिवशी परत येऊन बघायचा. फोड आला असेल तर 'देवी उठली', काम झालं. नसेल उठली तरच पुन्हा टोचायची. आबांना हे सगळं पाठ. त्यांची स्वतःची भावंडं देवीनं गेली होती. म्हणून तर यांचं नाव धुडकू, म्हणजे चिंधी. चिंधीला कोण नेतंय, म्हणून. हे चिंधी राहिले, दंडावर देवी उठली, आणि जगले. तेव्हापासून उठणं म्हणजे त्यांच्यासाठी देवाची सही.

तर महिन्याभरानं गजराबाई दुसऱ्या सुईला आल्या, तेव्हा आबा चावडीच्या ओट्यावरून मोठ्यानं म्हणाले होते, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, "बाई, आमनं गावम्हा समदा पोरेस्नी सुई उठनी. ताप उना, हात सुजनात. आते परत कसाले? जा, जठे उठनी नही तठे जा."

गजराबाईंनी हात जोडले, ही देवीसारखी नाही म्हणाल्या, तीनदा घ्यावी लागते म्हणाल्या. पण पाटलानं जा म्हटल्यावर कोण आई पोर घेऊन पुढे येणार? जीप वळली. आम्ही पोरी तिच्या धुळीमागे धावलो. मीसुद्धा हसत धावले होते.

पावसाळ्यात खोकला आला. छबी खोकायला लागली की थांबायची नाही, निळी पडायची, मग एक लांब श्वास ओढायची, कोंबडं आरवल्यासारखा. गावातली बाकीची पोरं हळूहळू उठली. छबी नाही उठली. माय तेव्हा पोटुशी होती. आबा आले, बाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नशीब, रूपचंद." माझ्या बाचं नाव रूपचंद. बानं मान हलवली. मीही म्हटलं, नशीब.

दिवाळीच्या सुमाराला भाऊ झाला. त्याचं नाव ठेवलं उखर्डू. उकिरड्यावरचं पोर, कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून. गोरापान आहे, हसला की दोन्ही गालांना खळ्या पडतात, आणि म्हणे उखर्डू.

मग यंदा होळीच्या आधी गजराबाई आमच्या शाळेत आल्या, यात्रेआधीची पटकीची सुई टोचायला. पोरी भिंतीला चिकटून उभ्या. मी पुढे गेले, सुई घेतली, डोळाही मिटला नाही. आणि मग विचारलं, "बाई, देवी एकदा उठली की पुरते. मग लहान पोरांना ती तीनदा कशाला?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या घरी नवी भिंत बांधली कधी?"

"हो. गोठ्याची."

"मातीचा पहिला हात दिला की काय होतं?"

"भिंतच पिऊन टाकते. दिसतसुद्धा नाही."

"मग?"

"मग दुसरा हात देतात. तो धरतो."

"लहान पोराचं अंग म्हणजे नवी भिंत," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाच्या अंगानं पुष्कळ रोग बघितलेले असतात. पोरानं काहीच बघितलेलं नसतं. पहिली सुई अंग पिऊन टाकतं. दुसरी धरते, तिसरी पक्की करते. आणि ताप आला म्हणजे काम झालं असं नव्हे. तो नुसता पहिल्या हाताचा ओलावा."

मी वर्गात परत येऊन बसले. भूगोलाचा तास होता. सर तापीचं खोरं शिकवत होते. मला एकच दिसत होतं: नशीब नव्हतं. जीप होती. आली होती, दारात उभी होती, आणि एका माणसानं ती हात हलवून परत पाठवली होती.

त्या दिवसापासून मी आबांचा द्वेष करायला शिकले, आणि चांगलंच शिकले. वाटेत दिसले की त्यांच्या पाठीकडे बघायचे. त्यांच्या नातवाला, गोट्याला, अंगणात रांगताना बघितलं की वाटायचं, याला होऊ दे. याला खोकला होऊ दे, आबांना तो रात्रभर कडेवर घेऊन फिरू दे, मग मी त्यांच्या दाराशी जाईन आणि म्हणेन, नशीब, आबा. असं वाटायचं मला. खोटं कशाला सांगू?

चैत्रात जीप परत आली. आबांनी पहिली सुई टोचू दिली. "एक लई ल्या, वाईट नही," म्हणाले. उखर्डूला टोचली. गोट्यालाही. दोघांनाही ताप आला, आणि आबा घरोघर विचारत फिरले, "उठनी ना? उठनी." दुसरी सुई अखाजीच्या दुसऱ्या दिवशी होती. बाला मी विचारलं होतं, आपण उखर्डूला नेऊ ना? बा म्हणाला, "आबा म्हणतीन तसं."

आता कळलं ना मी झोक्यावरून का उतरले नाही?

त्या संध्याकाळी आमच्या घरी कुणी पुरणाचा मांडा मोडला नाही. आबांकडून निरोप आला होता: पोरगी झोक्यावर होती म्हणून सोडलं, उद्या सकाळी येऊन पाया पड म्हणावं. बा म्हणाला, "पडशी." मी अंथरूण घालायला उठले. बाला वाटलं, पडेन.

सकाळी जीप आली. आबा ओट्यावर बसलेले, पायाखाली वहाणा, बाजूला पानाचा डबा. आयाबाया पोरं कडेवर घेऊन दारादारांत उभ्या होत्या, चावडीकडे एकही पुढे येईना. गजराबाईंनी स्टोव्हवर सुया उकळायला ठेवल्या होत्या. पाणी खदखदत होतं आणि तेवढाच आवाज.

आबा म्हणाले, "बाई, यंदा बी समदास्नी उठनी. तुम्ही कसाले तसदी लेतस?"

मी धावत घरी गेले. उखर्डू पाळण्यात झोपला होता. मी त्याला उचललं. माय चुलीपाशी होती. तिनं बघितलं, मी कुठे निघाले ते तिला कळलं. थांब म्हणाली नाही. जा म्हणाली नाही. तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि माझ्या मागे आली. गल्लीतून माय चालतेय हे बघून दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाई, याला टोचा," मी म्हणाले.

"शेवंते!" आबा गरजले. माझं नाव शेवंता. "तुन्हा बाप कोठे शे?"

बा निंबाखाली उभा होता. तो पुढे आला नाही. पण त्यानं मला परतही बोलावलं नाही. तो नुसता उखर्डूच्या मांडीकडे बघत होता, गजराबाई तिथे कापसाचा बोळा फिरवत होत्या तिकडे.

सुई शिरली. उखर्डू असा ओरडला की गोठ्यातले बैल उठले. माझ्या मनात आलं, ओरड रे, ओरड, फुप्फुसं शाबूत आहेत तुझी, ओरड.

माय एकदम बोलली. सगळ्यांदेखत, आबांपुढे, डोक्यावरचा पदर न सावरता. "आबा, छबी बी अशीच वरडनी व्हती, पहिला डाव. दुसरा डाव तिले कोनी वरडू दिन्हं नही."

तेवढंच. पण त्यानंतर बायका आल्या. आधी लोटन सुताराची बायको, मग मीनाची आई, मग एकदम सगळ्या. गजराबाईंना सुया उकळायला पाणी पुरेना.

आबांची सून जसोदा वहिनी आपल्या दारात गोट्याला घेऊन उभी होती. तिला यायचं होतं. उंबऱ्यावर एक पाय बाहेर, एक आत. ती सासऱ्याकडे बघत होती, आणि सासरा जमिनीकडे.

गजराबाई म्हणाल्या, "झाली सगळी? अजून कुणी राहिलंय का?"

जसोदा वहिनीनं माझ्याकडे बघितलं. बाईंना तिचं घर माहीत नव्हतं, कोण पोर कुणाचं तेही माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर जीप गेली असती. मला फक्त गप्प बसायचं होतं. माझा सूड हा असा, फुकटात, माझ्या पायाशी येऊन पडला होता. गोट्या वहिनीच्या खांद्यावर मुठी चोखत होता.

मी गप्प बसले. थोडा वेळ खरंच बसले. पाण्याचा खदखदाट ऐकत.

मग मला वाटलं, छे. हा सूड फार लहान आहे. खोकला येईल न येईल, कोण सांगणार? आणि आला तर आबा पुन्हा म्हणतील, नशीब. मला आबांकडून नशीब हा शब्दच काढून घ्यायचा होता.

मी ओरडले, "बाई, राहिलंय एक. पाटलांच्या घरचं. पण पोर आबांनीच धरायचं. आयांना किती धरायला लावणार?"

जसोदा वहिनी जवळजवळ धावतच आली आणि तिनं गोट्याला आबांच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं आणि मागे सरली. आता काय करतात आबा? सगळं गाव बघत होतं. नातू मांडीवर, सुई समोर. त्यांनी त्याचे पाय धरले. मी त्यांचे हात बघत होते. देवी काढणाऱ्याबरोबर गावोगाव हिंडलेले हात.

गोट्या किंचाळला. आबांनी डोळे मिटले. मग न उघडता, अगदी हळू विचारलं, "बाई, ती पोर... छबी... दुसरी लेती तर वाचती का?"

गजराबाई सुई पुसत होत्या. "छातीठोक सांगता येत नाही, पाटील. पण पुष्कळ पोरं वाचतात."

आबा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मी सगळ्यांत जवळ होते. मला ऐकू आलं: मन्ही चूक व्हयनी.

"मोठ्यानं म्हणा, आबा," मी म्हणाले.

"शेवंता!" हे बानं.

"मोठ्यानं म्हणा. जीप परत पाठवताना मोठ्यानं म्हणाला होतात. तेव्हा त्या टोकाच्या भिल्लवाड्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि मांडीवरचा गोट्या हुंदके देत त्यांच्याच सदऱ्याला नाक पुसत होता. ते उठले. गोट्याला कडेवर घेतलं. आणि त्या ओट्यावरून, त्याच आवाजात, म्हणाले:

"ऐका रे समदा! गये साल जीप मी फिराई दिन्ही. चूक मन्ही शे. रूपचंदनी पोर मन्हामुळे गयी. आते कोनी पोर घरम्हा ठेवानं नही. तीन बी सुया लेवान्या."

आणि घरात गेले.

हे ऐकून मला काय वाटलं? गोड वाटलं. आमरसाहून गोड. लोक म्हणतात सूड घेतला की मन रितं होतं. माझं काही झालं नाही रितं. मी घरी येऊन दोन मांडे खाल्ले, कालचे, वर तूप घालून. सरला खिडकीतून रिबिनी टाकून गेली, त्या बांधल्या. उखर्डूच्या मांडीला गाठ आली होती, ती मी हलक्या हातानं शेकली. माय माझ्याकडे अशी बघत होती जणू मी कुणा दुसऱ्याच्या घरची आहे, आणि तिला ते घर आवडलंय.

दुपारी बा आला. खाटेवर बसला. खूप वेळ टोपी हातात फिरवत होता.

"आबांनी गावासमोर सांगी टाकं," तो म्हणाला. "येवढा म्हातारा मानूस. आते तू जा, पाये पड त्यासना. भांडन मिटी जाई."

"मिटाडानं शे का?" मायनं विचारलं. इतक्या सहज विचारलं, की बानं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"घरनं मानूस शे," बा म्हणाला. "छबी बी परत येवाव नही आते."

ते खरं होतं. छबी परत येणार नव्हती, आबांनी कितीही मोठ्यानं म्हटलं तरी. आणि आबा उद्यापासून पुन्हा ओट्यावर बसतील, लोक पुन्हा त्यांनाच विचारतील. महिन्याभरानं आजचं सगळं विसरलं जाईल, शेतीची कामं निघतील, कुणीतरी म्हणेल, दोन झाल्या ना, पुरे झालं. आबा बोलले ते आज बोलले. उद्याचं कोण बघणार?

मी उखर्डूला मांडीवर घेतलं, म्हणजे बाला माझ्याबरोबर त्यालाही बघावं लागेल. तो झोपेत तोंड हलवत होता.

"बा, माय, दोघं ऐका," मी म्हणाले. "आबांनी चूक कबूल केली, ती मी घेतली. पण माफ नाही केलं, आणि पाया पडायला मी जाणार नाही. उद्या नाही, दिवाळीला नाही. माझी शाळा बंद करायची तर करा, मी घरात बसून वाचीन. मात्र तिसरी सुई येईल त्या दिवशी मी जीपच्या आधी निघणार, आणि गावातल्या एकेका दारात उभी राहून पोर मागणार. पहिलं दार आबांचं. त्यांनीच गोट्याला बाहेर आणून माझ्या हातात द्यायचं. दर वेळी, जोपर्यंत या गावात जीप येते तोपर्यंत, पहिलं दार त्यांचंच."